लोकाग्रहास्तव दुसरी टर्म

७ डिसेंबर १८८५, वॉशिंग्टन

आज काँग्रेस भरली. शपथ घेतली. आवाज खणखणीत लागला. आमच्या राज्याचे सगळे मेंबर एकदमच शपथ घेत होते, त्यामुळे माझा आवाज नेमका कोणाकोणाला वेगळा ऐकू आला हे सांगता येत नाही, पण लागला.

आजपासून ही रोजनिशी. खाजगी. मोठ्या माणसाचं आयुष्य त्याच्या हयातीतच नीट लिहून ठेवलेलं बरं, मागाहून लोक काहीही लिहितात.

संकल्प केले. रोज एक बिल पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचं. तंबाखू चघळणं बंद. ख्रिसमसच्या आत पोकम नदीवर पहिलं भाषण ठोकायचं. आणि दुसरी टर्म.

दुसरी टर्म हा खरं तर संकल्प नव्हे, ती देशाची गरज आहे. अडचण एवढीच की आमच्या मतदारसंघात दोन काउंट्या, म्हणजे जिल्हे, टिलरी आणि ड्रेक, आणि त्यांच्यात आपसात ठरलेलं आहे: एक टर्म टिलरीच्या माणसाला, पुढची ड्रेकच्या. विहिरीवर पाणी भरायला पाळ्या लावाव्यात तसं. पक्षाने उमेदवारी दिली की निवडून येणं आमच्याकडे नक्की, म्हणून हा सगळा बंदोबस्त. मी टिलरीचा. म्हणजे पुढची पाळी ड्रेकची. पण असले करार सामान्य माणसं डोळ्यांपुढे ठेवून होतात. ल्युशियस टिबेट्स निवडून येईल हे करार करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसणार.

८ डिसेंबर

बसायच्या जागांच्या चिठ्ठ्या निघाल्या. सगळ्या मेंबरांना बाकांमागे मेंढरांसारखं उभं करतात आणि एका पोराच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याच्याकडून पेटीतल्या मेंबरांच्या नंबरांच्या गोट्या काढवतात. ज्याचं नाव निघेल त्याने हवी ती जागा धरायची. माझं नाव जवळजवळ शेवटी निघालं. शेवटची रांग, दाराला लागून.

जागा मोक्याची आहे. येणारा-जाणारा प्रत्येक मेंबर माझ्याशी बोलल्याशिवाय जात नाही. आज कितीतरी जण बोलले. बहुतेक सगळे दार लावा म्हणाले.

१० डिसेंबर

तंबाखू बंद करता येणार नाही. माझ्या टेबलाशेजारी सरकारने पितळेची भली मोठी पिकदाणी ठेवली आहे. जनतेच्या पैशाने आणलेली वस्तू पडून राहू देणं मला बरं वाटत नाही.

१८ डिसेंबर

पोकम नदीवरचं भाषण लिहून झालं. अप्रतिम उतरलं आहे. गाळ काढला, झाडांची खोडं उपसली, की पोकममधून थेट आमच्या कॉर्विन गावापर्यंत आगबोटी येतील. त्यासाठी सरकारी बिलात एक कलम हवं. ते कलम मी आणणार, कॉर्विनला बंदर होणार, आणि मग पाळी कोणाची हे कोण विचारतो?

आज भाषणाला उभा राहिलो. सभागृहाच्या अध्यक्षांनी थेट माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या पुढच्या ओहायोवाल्याला बोलायला परवानगी दिली. तो बिचारा बोलायला उभाच नव्हता, ओव्हरकोट काढत होता. पण मिळालीच आहे म्हणून बोलला. बराच वेळ बोलला.

२१ डिसेंबर

पुन्हा उभा राहिलो. दोनदा. दोन्ही वेळा कोणीतरी मला दार लावायला सांगितलं.

४ जानेवारी १८८६

लविनियाचं पत्र. ती कॉर्विनलाच आहे. इथे दोघांची खानावळ परवडत नाही, आणि शिवाय ती मला भाषणाच्या तयारीत निवांतपणा देत नाही. लिहिते, की अहो, तुम्ही बोललात की नाही अजून? चर्चमध्ये बायका विचारतात. मी म्हणते, घरी तर कधी थांबत नाहीत, तिथेच काय झालंय कोण जाणे.

बायकोच्या पत्रावर मोठ्या माणसाने चिडू नये. चिडलो नाही. उत्तर मात्र दिलेलं नाही.

९ जानेवारी

होझिया बनचंही पत्र. होझियाचं खोगिराचं दुकान माझ्या घरासमोर आहे. साधा, कष्टाळू, थोडा भाबडा. मी कॉर्विनला काही महिने बदली न्यायाधीश होतो (खटला एकच आला, डुकरांचा, तोही बाहेरच मिटला), तेव्हापासून तो मला जज्जसाहेब म्हणतो, आणि मी म्हणेन ते त्याला पटतं. लिहितो, की जज्जसाहेब, तुमचं भाषण छापून आलं की एक प्रत मला पाठवा, मी मुलांना वाचून दाखवीन, म्हणजे आपल्या गावचा माणूस काय ताकदीचा आहे ते त्यांना कळेल.

मतदारसंघात एक तरी जाणकार आहे म्हणायचा.

संकल्प: होझियासाठी तरी या आठवड्यात बोलायचंच.

११ फेब्रुवारी

त्या आठवड्यात नाही जमलं, त्यानंतरही नाही. सर्दी. दाराशी बसून दुसरं काय होणार?

मेजर गेन्स मात्र देवासारखे भेटले. ते दक्षिणेकडचे, समोरच्या पक्षाचे, पण माझ्याच खानावळीत जेवतात. हिरव्या वाटाण्यांवर दोघांचाही सारखाच राग, त्यातून मैत्री जमली. मी रडगाणं सांगितलं तर मेजर खो खो हसत सुटले. म्हणाले, अहो जज्ज, इथे बोलतो कोण? उठायचं, भाषण छापण्याची परवानगी मागायची आणि बसायचं. अध्यक्षांना आनंद होतो, सभागृहाला आनंद होतो. भाषण सभागृहाच्या छापील रेकॉर्डात येतं, जणू तुम्ही तासभर गर्जत होतात. कॉर्विनला कोण सांगायला जातंय?

मी म्हणालो, हे थोडं फसवल्यासारखं होत नाही का? मेजर म्हणाले, उलट. तुम्ही न बोलल्याने किती जणांचा वेळ वाचला, हे पाहता ही देशसेवाच झाली.

मेजरांचा पक्ष चुकीचा आहे, पण माणूस विचारी.

१५ फेब्रुवारी

आज उठलो, परवानगी मागितली, बसलो. अध्यक्ष माझ्याकडे बघून हसले. पहिल्यांदाच.

१६ फेब्रुवारी

छापायला देण्यापूर्वी भाषणावर शेवटचा हात फिरवला. ते प्रत्यक्ष केलं असतं तर सभागृहाने कुठे कुठे दाद दिली असती याचा अंदाज घेतला आणि त्या त्या ठिकाणी कंसात तसं घातलं. टाळ्या. हशा. प्रचंड टाळ्या. एके ठिकाणी ‘समोरच्या बाकांवर खळबळ’ असंही घातलं होतं, पण मेजरांना वाईट वाटेल म्हणून काढलं.

अंदाज घेताना मी फार काटेकोर होतो. दोन ठिकाणच्या टाळ्या माझ्या मनाला पटेनात, त्या हशात बदलल्या.

२ मार्च

भाषणाच्या प्रती पोतीच्या पोती भरून मतदारसंघात रवाना. मेंबरच्या सहीवर टपाल फुकट जातं. हात भरून आले सह्या करून. लोकशाहीत नेत्याला किती राबावं लागतं हे लोकांना कुठे कळतं?

२० मार्च

होझियाचं पत्र आलं. इथे त्यातलं लिहून ठेवतो, पुढे चरित्रात कामी येईल. लिहितो, की जज्जसाहेब, रविवारी जेवणं झाल्यावर सगळ्यांना ओळीने बसवून भाषण वाचलं. जिथे टाळ्या छापल्या आहेत तिथे आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि हशा आहे तिथे हसलो. थोरलीला लगेच हसायला जमतं, धाकट्याला आधी गुदगुल्या कराव्या लागतात. आता दर रविवारी वाचतो. मला तर सगळं पाठच झालं आहे. चामडं शिवताना म्हणत असतो, टाके सरळ पडतात.

पत्र दोनदा वाचलं. याला म्हणतात जनतेचा कौल.

लविनियाचं पत्र त्याच टपालाने. लिहिते, की तुमच्या भाषणाच्या इतक्या प्रती गावात आल्या आहेत की वाण्याने त्यात लोणी बांधून द्यायला सुरुवात केली आहे. काल घरी आणलेल्या लोण्यावर उलट्या अक्षरांत प्रचंड टाळ्या उमटल्या होत्या. पावावर लावून खाल्ल्या.

६ मे

पोकमचं कलम बिलात आलं. मी आणलं. म्हणजे समितीने सगळ्याच लहानसहान नद्या एका कलमात घातल्या, त्यात पोकमही आली. आता फक्त मतदान.

संकल्प: मतदान होईपर्यंत सभागृह सोडायचं नाही. जेवायलासुद्धा नाही.

१३ मे

उन्हं तापली आहेत. मेजर म्हणाले, पोटोमॅकच्या काठी उद्या शॅड मासे भाजण्याची पार्टी आहे, फळ्यांवर ठोकून, शेगडीसमोर उभे लावून. मी म्हणालो, मतदान आलं तर? ते म्हणाले, मग आपण जोडी लावू. इथे ही सोय फार सुंदर आहे. एक मेंबर या पक्षाचा, एक त्या पक्षाचा, दोघांनी आपसात ठरवायचं की दोघेही मत देणार नाहीत. याचं मत त्याच्या मताने कटतं. कोणाचंच नुकसान नाही आणि मासे मिळतात.

सभ्य गृहस्थांचा शब्द. जोडी लावली.

१४ मे

मासे उत्कृष्ट. दोनदा वाढून घेतले.

१५ मे

काल दुपारी मतदान झालं. पोकमचं कलम पडलं. अगदी थोडक्यात पडलं.

विचार करता यात माझा काडीचा दोष नाही. मी हजर असतो तर मी बाजूने दिलं असतं, मेजरांनी विरुद्ध दिलं असतं, बेरीज तीच. हे मी मेजरांना बोलून दाखवलं. ते दात कोरत म्हणाले, छे हो, मी कशाला विरुद्ध देतोय? माझ्याही दोन नद्या होत्या त्याच कलमात.

 मग कोणीतरी वाटाणे पुढे सरकवले.

१७ मे

आमच्या गावच्या पेपराला, ‘कॉर्विन बॅनर’ला, तार केली: विरोधकांच्या कारस्थानामुळे पोकमचा घात, टिबेट्स शेवटपर्यंत मैदानात. मैदान होतंच. नदीकाठचं होतं.

७ ऑगस्ट, कॉर्विन

घरी आलो. स्टेशनवर स्वागताला गाव लोटलं नव्हतं. कापणीचे दिवस आहेत. होझिया आणि त्याचं कुटुंब मात्र आलं होतं. मी गाडीतून उतरून म्हणालो, मित्रहो, प्रवासात धूळ फार होती. धाकट्याने टाळ्या वाजवल्या.

नदी पाहून आलो. पाण्यात गायी उभ्या होत्या. पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंतही नव्हतं. आगबोटीची कल्पना काळाच्या थोडी पुढची आहे, हे मान्य करावं लागेल.

१२ ऑगस्ट

पुढच्या महिन्यात कॉर्विनच्याच कोर्टात पक्षाचं अधिवेशन. तिथे उमेदवारी ठरणार. ड्रेकवाले आपली पाळी म्हणून मिशांना पीळ देत फिरताहेत. त्यांच्याकडे दोघे इच्छुक: कॅप्टन स्ट्राउड, गिरणीवाला, आणि एझ्रा प्लमली, जो शवपेट्या बनवतो. स्ट्राउडचा आवाज कोणाला आवडत नाही. प्लमलीबद्दल मात्र कोणाचीच तक्रार नाही. असणार कशी? त्याचं गिऱ्हाईक परत येऊन सांगतंय थोडंच?

दोघेही एकमेकांना मरू देतील पण निवडून येऊ देणार नाहीत. इथेच माझी संधी आहे.

१६ ऑगस्ट

योजना तयार. इतकी साधी आहे की मला माझंच कौतुक वाटलं.

उमेदवारी मागणाऱ्याला आपल्याकडे मिळत नाही, नको म्हणणाऱ्याच्या गळ्यात पडते. रोममध्येही हेच झालं. सेनापती शेतात नांगर धरून उभा होता, लोक बोलवायला गेले. पद्धत ठरलेली आहे. पहिल्यांदा ठाम नकार द्यायचा. लोक खवळतात. दुसऱ्यांदा जरा मऊ नकार द्यायचा. लोक दारात येतात. तिसऱ्यांदा मान खाली घालायची आणि म्हणायचं, तुमची आज्ञा. यातला प्रत्येक शब्द खोटा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणूनच तर यात फसवणूक नाही.

शिवाय करार मोडल्याचा डाग माझ्यावर येत नाही. मी मोडला नाही, लोकांनी मोडला.

१९ ऑगस्ट

‘बॅनर’मध्ये माझं निवेदन आलं, पहिल्या पानावर, शेळ्यांच्या प्रदर्शनाच्या खाली. शेवटचं वाक्य असं: ‘टिलरीने ड्रेकला शब्द दिला आहे. मी उमेदवार नाही. उमेदवारी मला देऊ केली तरी मी घेणार नाही, आणि ज्याला माझ्याबद्दल थोडीही आपुलकी आहे त्याने माझं नाव पुढे येऊ देऊ नये.’

शेवटचा तुकडा ऐन वेळी सुचला. लेखणीला धार होती त्या दिवशी.

लविनियाने वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, अहो, पाहुणा पुरे म्हणतो तेव्हा मी आणखी वाढते, ते मला वाढायचं असतं म्हणून. या लोकांना वाढायचंय का, ते आधी बघितलंत? मी म्हणालो, राजकारण म्हणजे स्वयंपाकघर नव्हे. ती म्हणाली, नाहीच. स्वयंपाकघरात काम असतं.

२० ऑगस्ट

होझिया आला. डोळे भरलेले. दोन्ही हातांनी माझा हात धरला. म्हणाला, जज्जसाहेब, मनापासून लिहिलंत ना हे? लोक म्हणतात ही चाल आहे. दुकानात येऊन हसतात. मी एकाला खोगीर न देता परत पाठवला.

दारात दोन ड्रेकवाले उभे होते, कान टवकारून. मी काय म्हणणार? म्हणालो, होझिया, ल्युशियस टिबेट्सने दिलेला शब्द म्हणजे शब्द. तो त्या दोघांकडे वळून म्हणाला, ऐकलंत?

संकल्प: होझियाला एकट्याला गाठून खरी गोष्ट समजावून सांगायची.

२३ ऑगस्ट

टिलरीचे प्रतिनिधी निवडले. मी पडद्याआडून खटपट करून त्यात होझियाला घुसवलं. तिथे माझा म्हणावा असा एक तरी माणूस हवाच, जो काय वाटेल ते झालं तरी माझ्या बाजूने उभा राहील.

२८ ऑगस्ट

होझियाला समजवायला गेलो. तो खोगिराला टाके घालत होता आणि तोंडाने माझं निवेदन म्हणत होता. तेही पाठ केलंय. मी दोनदा घसा खाकरला. तो म्हणाला, जज्जसाहेब, मला एक सांगायचंय, माझे वडील माणसांवर विश्वास ठेवू नकोस म्हणत गेले, आज ते असते तर मी तुमच्याकडे बोट दाखवलं असतं.

अशा वेळी विषय काढणं प्रशस्त दिसत नाही. तसंही त्याच्या पोटात काही राहत नाही, चेहऱ्यावर सगळं दिसतं. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी सांगीन.

एक लगाम विकत घेऊन परत आलो. आमच्याकडे घोडा नाही.

७ सप्टेंबर

उद्या अधिवेशन. होझिया प्रतिनिधींची राहायची सोय करण्यात गुंतलेला, भेटला नाही. मीही फार शोधला नाही. काही बिघडत नाही. ठराव आला की तो सगळ्यांबरोबर ओरडेलच.

लविनियाला सांगितलं, मोठं हॅम शिजव, ॲपल पाय कर, कमिटी बोलवायला येईल तेव्हा तिला रिकाम्या पोटी पाठवणं बरं नाही. ती म्हणाली, आणि नाही आली तर? मी फक्त हसलो. तिने पीठ मात्र भरपूर भिजवलं. बायकांचा वरवर विश्वास नसतो, आतून असतो.

स्वीकाराचं भाषण तयार आहे. छोटंसं. प्रत्यक्ष करणार असल्यामुळे कंस घातलेले नाहीत.

८ सप्टेंबर, संध्याकाळ

योजनेप्रमाणे मी कोर्टाकडे फिरकलो नाही. कोणाचा तरी नांगर मागून आणला आणि कोबीच्या वाफ्यात धरून उभा राहिलो. दिवसभर. घोडा नसल्यामुळे पुढे जाता येत नव्हतं, पण रस्त्यावरून पाहणाऱ्याला भाव कळत होता. लविनिया खिडकीतून म्हणाली, कोबी तरी सोडा, त्याने काय केलंय तुमचं?

बातमी उत्तम आहे. सकाळपासून मतदानाच्या फेऱ्यांवर फेऱ्या चालल्या आहेत, स्ट्राउड हलत नाही, प्लमली हलत नाही. ड्रेकवाले आपसात गळे धरताहेत. सभा उद्यावर गेली. रस्त्यातून जाणारा एक प्रतिनिधी कुंपणावरून म्हणाला, जज्ज, असंच चाललं तर तुम्हालाच आणावं लागेल. मी पहिला मऊ नकार दिला. डोळे मिचकावून दिला, म्हणजे गैरसमज नको.

९ सप्टेंबर, सकाळ

काळा कोट घातला. त्यावर मातीचा हात फिरवला, थोडासाच. बूट चिखलात बुडवले. नांगरापाशी आहे. ही नोंद उभ्याउभ्या लिहितो आहे.

कोर्टाच्या खिडक्या उघड्या आहेत. वारा तिकडून इकडे आहे. आरडाओरडा चालू.

आता कोणीतरी माझं नाव घेतलं. टिबेट्स. स्पष्ट ऐकलं. पुन्हा. आता पुष्कळ जण. टिबेट्स, टिबेट्स. लविनियाही बाहेर आली. तिने ऐकलं. एप्रनवरचं पीठ झटकत उभी राहिली.

एकदम शांत झालं. फार वेळ शांत. बहुधा मतं मोजताहेत.

आता जयघोष. तीनदा. माझ्या नावाने. टोप्या उडताना दिसल्या खिडकीतून. टाळ्या थांबतच नाहीत.

केस विंचरायला आत जातो.

९ सप्टेंबर, दुपार

कमिटी आली नाही. होझिया आला.

धावत आला होता. तोंड लाल, कॉलर सुटलेली. मी नांगराला टेकून उभा राहिलो आणि चेहरा ठरवल्याप्रमाणे गंभीर केला. त्याला धापेमुळे बोलता येईना, म्हणून लविनियाने पाणी दिलं. ते पिऊन म्हणाला, जज्जसाहेब, वाचवलं तुम्हाला.

मग सगळं सांगितलं. सकाळी स्ट्राउडच्याच एका माणसाने उठून म्हटलं, पाळी गेली खड्ड्यात, हे दोघे एकमेकांना होऊ देत नाहीत, टिबेट्सला पुन्हा पाठवू आणि घरी जाऊ. सगळ्यांनी ते उचललं. ड्रेकवाल्यांनीसुद्धा. एकमताने करा, एकमताने करा, असं ओरडायला लागले. अध्यक्षांनी हातोडा उचलला.

उचलला होता, म्हणे. वर होता हातोडा.

होझिया म्हणाला, मी तर गारच पडलो. म्हटलं, जज्जसाहेब इथे नाहीत, त्यांचा शब्द इथे वाऱ्यावर चाललाय, आणि त्यांच्या बाजूने कोणी नाही. मी चारचौघांत कधी तोंड उघडलेलं नाही साहेब, तुम्हाला माहीत आहे.  पण बाकावर चढलो. म्हणालो, थांबा. तुम्ही त्यांना खोटारडा ठरवताय. आणि मग तुमचं निवेदन म्हणून दाखवलं, सगळं, एक शब्द न चुकता. माझ्याबद्दल थोडीही आपुलकी आहे त्याने माझं नाव पुढे येऊ देऊ नये, तिथे आल्यावर माझाच आवाज फाटला. म्हणालो, मला आहे आपुलकी. मी नाही येऊ देणार.

म्हणाला, साहेब, माणसं रडत होती हो. तो गिरणीवाला कॅप्टनसुद्धा. तो उठला आणि म्हणाला, असा माणूस आपला शब्द पाळतो तर मला लाज वाटायला हवी, आणि त्याने आपलं नाव मागे घेतलं. प्लमली झाला एकमताने. आणि मग तुमच्या नावाचा जयघोष केला सगळ्यांनी, तीनदा. इथपर्यंत आला असेल ना आवाज?

मी म्हणालो, आला.

लविनिया म्हणाली, होझिया, आत चल, हॅम आहे, घरच्यांनाही बोलाव. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हणतो बोलली असती तरी चाललं असतं. काहीतरी टोचून बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं आणि बरं वाटलं असतं.

आत जाताना होझिया पायरीवर थांबला. म्हणाला, जज्जसाहेब, वाटेत एकदम मनात आलं, विचारतो. माझं काही चुकलं तर नाही ना? म्हणजे तुम्ही तिथे असतात तर हेच केलं असतंत ना?

फार वाईट वाटत होतं. उमेदवारी गेल्याचं, अर्थात. पण त्या क्षणी तरी त्याचं नव्हे. तो तिथे उभा होता, गळ्यात कॉलर लोंबत, आणि उत्तराची वाट बघत होता, आणि मी काय म्हणेन यावर त्याचं बरंच काही अवलंबून आहे हे मला दिसत होतं. मी आजवर इतकी भाषणं केली, म्हणजे छापली, पण माझ्या शब्दाची कोणाला इतकी गरज असल्याचं मला आठवत नाही.

मी म्हणालो, होझिया, अगदी हेच केलं असतं. त्याने सुटकेचा श्वास टाकला आणि आत गेला. मी खोटं बोलतो आहे हे बोलता बोलताच कळण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.